सर्व्हिसिंगनंतरची टक्-टक्

नुकतीच सर्व्हिसिंग झालेली सायकल, पंढरपूरच्या राइडची रंगीत तालीम आणि दिवे घाटात डगडगायला लागलेलं मागचं चाक. पुणे-बारामती-इंदापूर अशा एका वीकेंडची आणि एका हबच्या पोटात डोकावण्याची ही गोष्ट.

शनिवार. पहाटेचे पावणेसहा. दिवे घाटातलं पहिलं मोठं वळण. खाली वडकीचे दिवे, मागे पुण्याचा धुरकट उजेड आणि माझ्या मागच्या ब्रेकमधून येणारा आवाज. खस्... खस्... खस्. सीटवर बसून पॅडल मारलं की गायब. उठून, जोर लावून चढायला लागलं की पुन्हा हजर.

गंमत म्हणजे ही सायकल दोनच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग होऊन आली होती. चांगले साडेआठशे रुपये मोजून! ‘मॅडम, फुल ओव्हरऑइलिंग केलंय, लोण्यासारखी चालेल,’ असं म्हणून ती माझ्या हातात दिली गेली होती. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. आपल्याकडे त्यात तेल शिरलं आणि ओव्हरऑइलिंग झालं. मला विचाराल तर आपलाच शब्द जास्त चांगला आहे.) लोणी घाटापर्यंत टिकलं, एवढंच.

आषाढीच्या आधी पुण्याहून सायकलनं पंढरपूरला जाणारे ग्रुप आता चिक्कार झालेत. त्यातल्या एकात मी नाव दिलं होतं आणि राइड होती पुढच्याच शनिवारी. आठवडाभर एसीत बसून लॅपटॉप बडवणाऱ्या माणसानं एकदम दोनशेच्या वर किलोमीटर मारायचे म्हणजे आधी काहीतरी तालीम हवी. म्हणून हा बेत. शनिवारी पुणे-सासवड-जेजुरी-मोरगाव-बारामती करत इंदापूर गाठायचं, तिथं आत्याकडे मुक्काम आणि रविवारी त्याच वाटेनं परत. सोबतीला माझा मावसभाऊ. तो हिंजवडीत आयटीमध्ये आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आणि माझ्या सायकलपेक्षा चार पटीनं महाग सायकलवाला. आपण त्याला दादाच म्हणू.

तसा हा रस्ता सायकलवाल्यांच्या ओळखीचा. पुणे-बारामती सायकल स्पर्धा वर्षानुवर्षं गाजलेली आहे. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत पुणे जिल्ह्यात झाली, तिच्याही एका टप्प्याचा शेवट बारामतीत होता. त्या शर्यतींत मागून मेकॅनिकची गाडी येते. माझ्यामागून भाजीचा टेम्पो येत होता आणि तो हॉर्न वाजवत होता.

मागे घाट, पुढे सपाटी

सासवडला पहिला चहा. दादानं सायकल उचलून मागचं चाक गरकन फिरवलं. चाक झकास फिरलं. सरळ, आवाज नाही, ब्रेकला घासत नाही. ‘काही नाहीये गं, तुझ्या मनाचे खेळ,’ असं म्हणून त्यानं क्रीमरोल उचलला.

इथंच बहुतेकांचं चुकतं. (माझंही चुकायचं.) चाक फिरवून बघितलं की कळतं ते चाकाचं वाकडेपण, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला ‘आऊट’ म्हणतात ते. हबमधला ढिलेपणा असा कळत नाही, उलट ढिलं चाक जास्तच मोकळं फिरतं! त्यासाठी वेगळी टेस्ट आहे. सायकल उभी ठेवा, एका हातानं फ्रेम धरा, दुसऱ्या हातानं टायर वरच्या बाजूला, ब्रेकजवळ पकडा आणि चाक डावी-उजवीकडे हलवा. घट्ट असेल तर काहीच जाणवणार नाही. ढिलं असेल तर हाताला एक बारीकशी ‘टक्’ लागते. टक् इकडे, टक् तिकडे. यालाच मेकॅनिकच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात. आपला ‘डगडग’ हा शब्दही वाईट नाही.

मी हलवून बघितलं. टक्-टक्.

आतमध्ये, हबमध्ये, हा ढिलेपणा असतो केसाएवढा. पण चाकाच्या कडेला येईपर्यंत तो कितीतरी पटीनं वाढतो. सीटवर बसून चालवताना चाकावरचा भार बऱ्यापैकी सरळ खाली असतो. उठून चालवायला लागलं की सायकल डावी-उजवीकडे झुलते, चाकावर आडवा जोर येतो आणि रिम ब्रेकच्या रबराला जाऊन टेकते. घाटातलं ते खस्-खस् म्हणजे हेच.

मग दादानं मागच्या चाकाचा क्विक रिलीजचा दांडा उघडला, स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि सगळा जोर लावून दांडा बंद केला. प्ले कमी झाला, पण गेला नाही. आता प्रश्न असा की परत फिरायचं का? आणि इथं माझ्या डोक्यात एक साधा हिशेब आला. परत फिरायचं म्हणजे पूर्ण दिवे घाट उतरायचा. ट्रक, पीएमपीच्या बसेस, रुंदीकरणाच्या कामाची खडी आणि डगडगतं मागचं चाक! उतारावर वेगात असताना मागचं चाक असं हलायला लागलं की हवा गेल्यासारखं वाटतं, सायकल वळणात नक्की कुठं जाणार याचा भरवसा राहत नाही. पुढे मात्र जेजुरी, मोरगाव, बारामती. चढउतार आहेत, पण घाट नाही. म्हणजे मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणंच जास्त सेफ होतं. दादा म्हणाला, ‘लॉजिक भारी आहे, फक्त सावकाश चालव.’

सावकाश चालवली. उठून पॅडल मारायचं नाही असा नियम केला. जेजुरीचा गड लांबून बघितला, मोरगावला मयूरेश्वराला बाहेरूनच हात जोडले (‘चाक सांभाळ रे बाबा’) आणि साडेअकराच्या सुमारास, ऊन तापलेलं असताना, बारामतीच्या हद्दीत शिरलो. सासवडला जे चाक जेमतेम टक् करत होतं ते आता चांगलं टक्-टक् करायला लागलं होतं. सत्तर किलोमीटरमध्ये ढिलेपणा वाढला होता, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं कारण येणार आहे.

कोन ढिला?

रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान. बाहेर टायर टांगलेले, शाळेच्या पोरांच्या चार-पाच सायकली उलट्या करून ठेवलेल्या, कॉम्प्रेसरचा आवाज. दुकानदार काका साठीचे. हेल्मेट-गॉगलवाली दोन माणसं बघून त्यांना फार आनंद झाला असं काही चेहऱ्यावर दिसलं नाही.

‘काका, मागचं चाक हलतंय.’

‘पडला होता का?’

‘नाही हो. परवाच सर्व्हिसिंग केलंय.’

‘मग बरोबर,’ काका म्हणाले.

त्यांनी चाक हलवून बघितलं. एकदाच नाही. हलवायचं, चाक थोडं फिरवायचं, पुन्हा हलवायचं. असं चार-पाच ठिकाणी. मग स्पोक दोन-दोन चिमटीत दाबून बघितले. मग पॅडलची दांडी धरून तीही हलवली. एवढं झाल्यावर म्हणाले, ‘ताई, कोन ढिला आहे.’

‘कोण ढिला आहे?’ दादानं विचारलं. काका हसले नाहीत. हा विनोद त्यांनी बहुतेक हजारवेळा ऐकला असावा.

काकांनी त्या दोन मिनिटांत केलं काय, ते मी नंतर विचारून घेतलं. चाक हलतंय म्हणजे दोष हबमध्येच असेल असं नसतं. स्पोक सैल असतील तरी रिम हलते. चाक फ्रेमच्या खाचेत नीट बसलं नसेल तरी हलतं. कधीकधी तर पॅडलच्या मधलं बेअरिंग ढिलं असतं आणि आपण उगीच मागच्या चाकाला नावं ठेवतो. चाक फिरवून-फिरवून बघण्यामागेही कारण आहे. सगळीकडे सारखाच ढिलेपणा लागला तर नुसतं आवळणं चुकलंय. एका जागी ढिलं आणि दुसऱ्या जागी घट्ट लागलं तर मामला गंभीर, एक्सल वाकलाय किंवा आतले भाग झिजून वेडेवाकडे झालेत. माझं सगळीकडे सारखं होतं. पहिली गुड न्यूज!

दादाचं अजून चालूच होतं. मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे कॅसेट, धरून त्यानं हलवला आणि तो किंचित हलला. ‘हे बघा, हे पण हलतंय! पूर्ण हबच गेलंय. ताई, तू नवीन व्हीलसेट घे.’ (दादाचा हा फंडा आहे. फोन स्लो झाला, नवीन फोन. चाक हललं, नवीन चाक.) काकांनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, ‘तेवढं हलतंच.’ आणि खरंच आहे. पॅडल थांबवल्यावर चाक मोकळं फिरू देणारी जी यंत्रणा कॅसेटच्या खाली असते, फ्रीहब, तिची बेअरिंग वेगळी असतात आणि तिच्यात थोडीशी डुगडुग चालते. रिम हलली तर काळजी करायची. नुसती कॅसेट किंचित हलली म्हणून खिसा रिकामा करायची गरज नाही. खूपच हलत असेल तर मात्र तो भाग हबला धरून ठेवणारा बोल्ट सैल असू शकतो, तो दाखवावा.

हबच्या पोटात

काकांनी चाक काढलं आणि मग पुढची वीस मिनिटं मी उकिडवी बसून बघत राहिले. इतकी वर्षं सायकल चालवते, पण हबच्या आत काय असतं ते कधी बघितलं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांनी बघितलंय?

चाकाच्या मधोमध एक आडवा दांडा, एक्सल. तो फिरत नाही, फ्रेममध्ये पक्का असतो. त्याच्याभोवती हबची नळी फिरते. नळीच्या दोन्ही टोकांना आतून वाटीसारखा आकार, त्यात ग्रीसमध्ये बसवलेले गोल छर्रे आणि त्या छर्ऱ्यांवर एक्सलवर फिरवून आणलेला शंकूसारखा नट. तोच कोन. वाटी आणि कोन यांच्यामध्ये छर्रे गरागरा फिरतात, म्हणून चाक हलकं फिरतं. कोन फार आत नेला तर छर्रे चिरडतात, चाक जड होतं. कमी नेला तर जागा राहते आणि चाक डगडगतं. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे ती पान्याच्या अगदी थोड्याशा फेऱ्यात असते. आणि कोन त्या जागेवरून हलू नये म्हणून त्याच्यावर बाहेरून अजून एक नट आवळतात, लॉकनट. दोघं एकमेकांना असे भिडवायचे की कुणीच जागचं हलायचं नाही.

ही आयडिया काही कालची नाही. १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे नावाच्या सायकल मेकॅनिकनं सायकलसाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रूआँ ही शर्यत झाली, साधारण सव्वाशे किलोमीटरची, आणि ती जिंकणाऱ्या जेम्स मूरच्या सायकलला हीच बेअरिंग होती. त्याला साडेदहा तासांच्या आसपास लागले. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं झाली, छर्रे तेच, डोकेदुखीही तीच.

काकांनी डाव्या बाजूचा लॉकनट सोडवला. त्यांच्याकडचा पाना बघून दादाचे डोळे मोठे झाले. कोनच्या खाचेत साधा पाना जात नाही, त्याला पातळ पाना लागतो. तो दुकानात विकत मिळतो, पण काकांनी जुना साधा पाना ग्राइंडरवर घासून पातळ केला होता. वापरून-वापरून गुळगुळीत झालेला. डावा कोन आणि लॉकनट एकमेकांना अगदी कडक भिडलेले होते.

‘इकडं बरोबर केलंय त्यानं,’ काका म्हणाले. मग कोन काढला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि एक्सल उजवीकडून अलगद बाहेर ओढला. छर्रे टपाटप कागदावर. काकांनी मोजले. डावीकडचे नऊ, उजवीकडचे नऊ. ‘बरोबर. एखादा कमी असला तरी चाक हलायला लागतं. घाईत एखादा छर्रा घरंगळतो, कुणाच्या लक्षात येत नाही.’ (तुम्ही स्वतः हब उघडणार असाल तर मोबाइलनं फोटो काढा आणि छर्रे मोजा. मागच्या चाकात सहसा प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ असतात, पुढच्यात लहान आकाराचे दहा. पण आपल्या चाकात किती निघाले तेच खरं धरायचं.)

आणि मग काकांनी उजवीकडचा कोन बोटांनी धरला आणि फिरवला. फिरला! पाना न लावता, नुसत्या चिमटीनं.

केस सॉल्व्ह झाली. मागच्या चाकाची उजवी बाजू ही गिअरची बाजू. तिथला कोन आत लपलेला, बाहेरून त्याला पाना लागत नाही. त्यामुळे आवळायचं, सैल करायचं ते सगळं डाव्या बाजूनं करतात. पण त्यासाठी उजवीकडची जोडी आधी एकमेकांना पक्की भिडलेली हवी आणि ते करायला पूर्ण एक्सल बाहेर काढावा लागतो. सर्व्हिसिंग करणाऱ्यानं ग्रीस बदललं, डावी बाजू मन लावून सेट केली आणि उजवीकडे दुर्लक्ष केलं. दुकानातून निघताना चाक परफेक्ट होतं. चालवायला लागल्यावर उजवा कोन हळूहळू आपला आपला सरकत गेला. म्हणूनच सासवडपेक्षा बारामतीत जास्त डगडग. मी रागावून काहीतरी बोलले तर काका म्हणाले, ‘त्याच्याकडं दिवसाला वीस सायकली येत असतील. माझ्याकडं येतात चार.’

ते माझ्या डोक्यात राहिलं खरं. आपण पण शुक्रवारी संध्याकाळी फाइल मेल करताना पहिली दोन पानं तपासतो आणि सेंड दाबतो.

हाताला कळतं ते

काकांनी दोन्ही कोन डिझेलमध्ये धुतले, फडक्यानं पुसले आणि बॉलपेनचं टोक कोनच्या चकचकीत पट्ट्यावरून गोल फिरवलं. उजवा गुळगुळीत. डाव्यावर एका जागी पेन किंचित अडखळलं. ‘हात लावा.’ मी पेन फिरवलं. बारीकसा खड्डा, डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढा.

हा खड्डा दोन दिवसांचा नव्हता. तो जुना होता आणि गुन्हेगार मीच होते. गेला पावसाळाभर ऑफिसला याच सायकलनं गेले आणि दर रविवारी ती गाड्या धुतात तिथल्या प्रेशरच्या पाण्यानं धुतली. त्या जोराच्या पाण्यानं चिखल निघतो, तसं हबच्या कडेनं पाणीही आत शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. वर्षभर मी सायकलचे लाड करत होते असा माझा समज होता.

‘आता काय?’

‘आता काय नाही. माझ्याकडं या मापाचा कोन नाही. तूर्त चालेल. पुण्याला गेल्यावर बदलून घ्या. वाटी चांगली आहे, वाटी खराब झाली असती तर मग चाकच बदलावं लागलं असतं.’ दादानं माझ्याकडे बघितलं. ‘व्हीलसेट’ हा शब्द त्यानं गिळला हे मला दिसलं.

छर्रे मात्र काकांनी नवे घातले. कोन किंवा वाटी परत वापरता येते, पण जुने छर्रे परत घालण्यात अर्थ नाही, इतके ते स्वस्त असतात. मग वाट्यांमध्ये ग्रीस, ग्रीसमध्ये एक-एक छर्रा चिकटवणं, उजवा कोन आणि लॉकनट बाकावरच्या वाइसमध्ये धरून कडक भिडवणं, एक्सल आत, डावा कोन बोटानं टेकेपर्यंत. आणि नंतर जे केलं ते मी घरी येऊन तीनदा लिहून काढलं, कारण सगळी मेख तिथंच आहे.

काकांनी कोन टेकवला, मग थोडासा मागे घेतला. तो पातळ पान्यानं तिथंच धरून ठेवला आणि लॉकनट आवळला. मग एक्सल बोटांनी फिरवून बघितला. आणि चाक माझ्या हातात दिलं. ‘हलवून बघा.’

मी एक्सल हलवला. टक्! अगदी किंचित, पण होतीच.

‘काका, अजून हलतंय!’

‘हलणारच. हलायला पाहिजे.’

झालं, दादा पुढे सरसावला. पण काकांनी चाक सायकलला बसवलं, क्विक रिलीजचा दांडा बंद केला आणि पुन्हा म्हणाले, ‘आता हलवा.’ वर टायर धरून हलवलं. काही नाही. जोर लावून हलवलं. शून्य!

ही जादू अशी आहे. क्विक रिलीजवाल्या चाकाचा एक्सल पोकळ असतो आणि त्याच्या आतून एक बारीक सळई जाते. दांडा बंद केला की ती सळई दोन्ही बाजूंनी एवढ्या जोरात दाबते की एक्सल स्वतःच अगदी सूक्ष्म आखडतो आणि कोन थोडे आत येतात. म्हणजे बाकावर ‘परफेक्ट’ सेट केलेलं चाक सायकलला लावल्यावर जास्त घट्ट होतं आणि छर्रे कोनला खड्डे पाडायला लागतात. त्यामुळे बाकावर जरासा प्ले ठेवायचा, इतकाच की दांडा बंद केल्यावर तो नाहीसा होईल. सासवडला दादानं दांडा जोरात आवळल्यावर प्ले कमी का झाला, त्याचंही उत्तर हेच. तो मूळ दोष झाकत होता, काढत नव्हता. घरच्या साध्या सायकलला, जिला दोन्हीकडे नट असतात, हे आखडणं फारसं होत नाही. तिथं बाकावर जसं सेट केलं तसंच राहतं.

दांडा बंद करायचीही पद्धत आहे, आणि ही गोष्ट खरोखर जिवावरची आहे. तो नटासारखा गोल फिरवत आवळायचा नसतो, उघड-मीट करायचा असतो. अर्ध्यावर आल्यावर जोर लागायला हवा आणि बंद करताना तळहातावर वळ उठायला हवा. हबमधल्या प्लेनं लगेच कुणी पडत नाही, पण अर्धवट लागलेल्या दांड्यामुळे चाक निसटू शकतं. मी ज्या ऑफिसमध्ये जाते तिथल्या पार्किंगमध्ये मी नंतर सहज बघितलं. सहा सायकलींपैकी दोघांचे दांडे नटासारखे फिरवून ठेवलेले होते.

‘काका, तेवढी ह्याची पण बघता का?’ मी दादाच्या सायकलकडे बोट दाखवलं. काकांनी मागचं चाक धरून हलवलं आणि मान डोलावली. त्याच्या हबमध्ये कोन-वाटी नाहीत, बंद डबीसारखी कार्ट्रिज बेअरिंग आहेत. महागड्या सायकलींमध्ये आता बरेचदा तीच असतात, शिमानोच्या पुष्कळ हबमध्ये मात्र अजून कोन-वाटीच सापडतात. कार्ट्रिजमध्ये आवळण्याची भानगड बहुतेक वेळा नसते. प्ले आला म्हणजे बेअरिंग झिजलं, बदला. आणि नवं घातल्यावरही डगडगलं तर ते पूर्ण आत बसलेलं नाही, टोकाची टोपी सैल आहे किंवा चुकीच्या मापाचं घातलंय. दादा हे ऐकून खूश झाला. ‘म्हणजे माझं चांगलं.’ काका म्हणाले, ‘चांगलंच आहे. पण इथं बिघडलं तर मी काय करणार नाही.’

बिल झालं एकशे ऐंशी रुपये. मी दोनशे दिले, तर वीस परत आले. निघताना एकच सूचना. ‘इंदापूरला पोचल्यावर एकदा हलवून बघा. नवीन बसवलेलं पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये जागा धरतं.’

बारामती ते इंदापूर

जेवलो, उन्हाला टाळून तीन वाजता निघालो. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर, तुकोबांच्या पालखीचीच वाट. पाटस-बारामती-इंदापूरवरून जाणाऱ्या या पालखी महामार्गाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ ला बसली. रस्ता रुंद, आणि सायकलवाल्याला लागणारी झाडं अर्थातच कमी. काटेवाडी, जिथं पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मग भवानीनगरचा साखर कारखाना, सणसर, रिंगणाचं बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून डाळिंबाच्या बागा. निमगाव केतकीच्या अलीकडे एक बारीकसा चढ लागला. मी मुद्दाम सीटवरून उठले आणि सगळा जोर लावला. कान मागे.

काही नाही. फक्त साखळीचा आवाज.

साडेसहाला आत्याच्या दारात. आत्यानं आधी पाण्याचा तांब्या दिला आणि मग नेहमीचा प्रश्न, ‘एसटी बंद होती का गं?’ मी पाणी प्यायच्या आधी चाक हलवून बघितलं. तिला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

रविवारी परत येताना बारामतीत काकांचं दुकान बंद होतं. सासवडला पुन्हा तोच चहा, पुन्हा क्रीमरोल. मग दिवे घाट, या वेळी उतार. मी पहिल्या वळणाआधी थांबले, टायर हलवला, दांडा तपासला, ब्रेक दोनदा दाबून बघितले. दादा म्हणाला, ‘चल ना, किती वेळ.’ खाली मस्तानी तलाव दिसत होता, वारा समोरून येत होता आणि रस्त्याच्या कामाच्या जागी खडी पसरलेली होती. मी काही वेगाचा रेकॉर्ड केला नाही. पण वळणात सायकल जिथं जायला सांगितली तिथं गेली, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदा मी चाकाचा विचार न करता रस्त्याकडे बघितलं.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर नवा कोन घ्यायला पुण्यातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. (सर्व्हिसिंगवाल्याकडे नाही. तिथंही जाईन, भांडायला नाही, नुसतं उजव्या बाजूचं सांगायला.) कोन नेहमी जुना सोबत नेऊन घ्यावा, वरून सारखे दिसणारे कोन उंचीला आणि आतल्या गोलाईला वेगळे असतात. माझ्याकडे जुना नव्हता, कारण तो चाकात होता. त्यामुळे बुधवारी पुन्हा, या वेळी चाक खांद्याला अडकवून, बसनं. कंडक्टरनं चाकाचं तिकीट मागितलं नाही. बदललेला कोन, वर्तमानपत्रावर मोजलेले नऊ आणि नऊ छर्रे, चिमटीनं तपासलेली उजवी बाजू. बाकावर एक टक् ठेवली, सायकलवर गेली. शुक्रवारी रात्री बॅग भरली. शनिवारी पहाटे चार वाजता पंढरपूरसाठी जमायचं होतं. दादाचा साडेतीनला फोन, ‘ताई, माझं पुढचं चाक हलतंय असं वाटतंय.’